जपानमधली 'बायकांची भाषा' आली कुठून? मियाको इनोउए यांचं संशोधन काय सांगतं

'किमी नो ना वा' म्हणजेच 'युअर नेम' हा २०१६ चा अ‍ॅनिमे चित्रपट पाहिलेल्यांना एक प्रसंग नक्की आठवत असेल. लहान गावात राहणारी मित्सुहा सकाळी उठते, तर ती टोकियोतल्या ताकी नावाच्या मुलाच्या शरीरात असते. मित्रांशी बोलताना ती सवयीने स्वतःला 'वाताशी' म्हणते. मित्र चमकतात. ती 'वाताकुशी' म्हणून बघते, मग 'बोकु' म्हणून बघते, तरी त्यांच्या चेहऱ्यावरचं प्रश्नचिन्ह जात नाही. शेवटी 'ओरे' म्हटल्यावर कुठे त्यांचं समाधान होतं.

या चारही शब्दांचा अर्थ एकच आहे, 'मी'. तरीही चुकीचा 'मी' निवडला की समोरच्याला लगेच खटकतं.

जपानी भाषेत बायकांचं बोलणं वेगळं आणि पुरुषांचं वेगळं, असं शाळेत, सिनेमात आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. बायकांच्या या नाजूक, मृदू बोलीला 'ओन्ना कोतोबा' म्हणतात. ती शेकडो वर्षांची परंपरा आहे आणि आजकालच्या मुली ती बिघडवत आहेत, असंही जपानमध्ये सर्रास ऐकू येतं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या भाषिक मानववंशशास्त्रज्ञ मियाको इनोउए यांनी या समजुतीची पाळंमुळं खणून काढली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हायकेरियस लँग्वेज' या त्यांच्या पुस्तकाने दाखवलं, की आज जी शैली 'खानदानी' मानली जाते, तिचा मोठा भाग १८८० च्या दशकात 'गावंढळ' आणि 'असभ्य' म्हणून हिणवला जात होता.

मग शिवीची परंपरा झाली कशी?

'बायकांची भाषा' म्हणजे नेमकं काय?

मराठीत 'मी' सगळ्यांसाठी एकच आहे, पण क्रियापद बदलतं. पुरुष 'मी जातो' म्हणतो, बाई 'मी जाते' म्हणते. हा व्याकरणाचा भाग आहे. (कोल्हापूरकडच्या मुलींच्या तोंडी 'मी आलो' सहज येतं आणि बाहेरचे लोक त्याकडे कौतुकाने किंवा चेष्टेने बघतात, ही गोष्ट वेगळी.)

जपानीत उलट आहे. क्रियापदाला लिंग नाही. 'इकु' म्हणजे जातो, जाते, जातात, सगळंच. फरक दिसतो तो इतर ठिकाणी:

- 'मी'साठीचे शब्द: 'वाताशी' औपचारिक बोलण्यात सगळेच वापरतात, पण रोजच्या गप्पांत तो बायकांचा मानला जातो. 'आताशी' बायकांचा. 'बोकु' आणि 'ओरे' पुरुषांचे, त्यातही 'ओरे' जास्त रांगडा.
- वाक्याच्या शेवटचे छोटे शब्द: 'इकु वा' असं आवाज किंचित चढवून म्हटलं की ते बायकी ठरतं. 'इकु झो' किंवा 'इकु झे' म्हटलं की मर्दानी. 'काशिरा' (असेल का बरं?) हेही बायकांच्या खात्यात.
- आदर आणि सौजन्य: शब्दाआधी आदरार्थी 'ओ' लावणं, आज्ञार्थ टाळणं, वाक्य अर्धवट सोडून देणं.

यातला कोणताही शब्द कुणी वापरला तरी व्याकरण मोडत नाही. बाईने 'ओरे' म्हटलं तर वाक्य बरोबरच असतं, ऐकणाऱ्याच्या मनात बाईच चूक ठरते. इनोउए यांचं काम इथून सुरू होतं. बायका कशा बोलतात हा प्रश्न बाजूला ठेवून त्या विचारतात: त्यांचं बोलणं ऐकतंय कोण, आणि ऐकणाऱ्याला त्यात काय ऐकू येतंय?

१८८८: एका तरुण लेखकाची तक्रार

१८६८ च्या मेइजी क्रांतीनंतर जपान झपाट्याने बदलत होता. १८७२ मध्ये नवी शिक्षणव्यवस्था आली, मुली शाळेत जाऊ लागल्या. शहराच्या रस्त्यांवर एक नवीनच व्यक्ती दिसू लागली, शाळकरी मुलगी. घरात बसलेली लेक नाही, कुणाची बायको नाही, आणि करमणूक करणारी गेइशाही नाही. मैत्रिणींच्या घोळक्यात हसत-बोलत जाणारी ही मुलगी जुन्या कुठल्याच चौकटीत बसत नव्हती.

या मुली आपापसात बोलताना वाक्यांच्या शेवटी 'तेयो', 'दावा' असे शब्द लावत. 'योकुत्ते यो' (चालेल की), 'इया दा वा' (मला नाही बाई आवडत), अशी ती धाटणी. म्हणून तिचं नाव पडलं 'तेयो-दावा कोतोबा'.

पुढे मोठे कादंबरीकार म्हणून नावाजलेले ओझाकी कोयो यांनी १८८८ मध्ये 'किजो नो तोमो' या स्त्रियांच्या मासिकात या बोलीवर टीका करणारा लेख लिहिला. त्यांच्या सांगण्यानुसार ही फॅशन आठ-नऊ वर्षांपूर्वी लहान शाळकरी मुलींमध्ये सुरू झाली, मग मोठ्या मुलींच्या शाळांत पसरली आणि आता प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रियांपर्यंत पोहोचली. शोगुनांच्या काळात टोकियोच्या आओयामा भागात राहणाऱ्या हलक्या दर्जाच्या सामुराई घरांतल्या मुली असं बोलत, असं त्यांनी ऐकलं होतं. चांगल्या घरच्या मुलींनी त्यापासून दूर राहावं, हा लेखाचा रोख. हे लिहिताना कोयो स्वतः जेमतेम विशीत होते.

ते एकटे नव्हते. शिक्षक, संपादक आणि समाजसुधारक अशा अनेकांनी त्या काळात हीच तक्रार केली. काहींनी या बोलीचा उगम थेट गेइशांच्या वस्तीत शोधला. इनोउए यांनी ही सगळी टीका एकत्र ठेवून वाचली, तेव्हा त्यांना एक समान धागा दिसला. यातले बहुतेक पुरुष रस्त्यात मुलींचं बोलणं ओझरतं ऐकत होते. मुली काय बोलत होत्या, कशाबद्दल बोलत होत्या, याची नोंद जवळपास नाही. नोंद आहे ती फक्त वाक्याच्या शेपटांची.

ऐकणारा पुरुष, लिहिणारा पुरुष, छापणाराही पुरुष. मुलगी मात्र अवतरणचिन्हांत. देश वेगाने आधुनिक होत असताना जे काही हाताबाहेर चाललंय असं या मंडळींना वाटत होतं, ते सगळं त्यांना या मुलींच्या आवाजात ऐकू आलं, असं इनोउए मांडतात.

मग चित्र पालटलं कसं?

त्याच वर्षांत जपानी साहित्यात मोठी उलथापालथ चालू होती. लिहिण्याची भाषा आणि बोलण्याची भाषा यांच्यातली दरी मिटवण्याची 'गेनबुन इत्ची' चळवळ जोरात होती. १८८७ ते १८८९ या काळात आलेली फुताबातेई शिमेई यांची 'उकिगुमो' ही पहिली आधुनिक जपानी कादंबरी मानली जाते. तुर्गेनेव्हसारख्या रशियन लेखकांचे अनुवादही होऊ लागले.

आता लेखकांपुढे व्यावहारिक प्रश्न आला. कादंबरीतल्या आधुनिक, शिकलेल्या नायिकेने बोलायचं कसं? अनुवादातल्या युरोपीय तरुणीच्या तोंडी कोणती जपानी घालायची? जुन्या नाटकांतली भाषा चालणार नव्हती. हाताशी होती ती रस्त्यात ऐकलेली शाळकरी मुलींची बोली. ज्या बोलीला नावं ठेवली जात होती, तीच छापील नायिकेचा आवाज बनली.

पुढचं काम मासिकांनी केलं. १९०१ मध्ये सुरू झालेल्या 'जोगाकु सेकाई'सारख्या मासिकांत गावोगावच्या वाचक मुली पत्रं पाठवत आणि त्या पत्रांत 'तेयो-दावा' शैली वापरत. यातल्या कितीतरी जणी अशा भागांत राहत होत्या, जिथे प्रत्यक्षात असं कुणी बोलत नव्हतं. त्यांनी ही भाषा ऐकण्याआधी वाचली होती. जाहिरातींनीही तोच सूर उचलला. साबण, सौंदर्यप्रसाधनं आणि नव्या घरगुती वस्तू विकणारी हसरी तरुणी याच शैलीत बोलू लागली.

दुसरीकडे १८९९ च्या सरकारी आदेशाने मुलींच्या उच्च शाळांचं जाळं वाढलं. शिक्षणाचं ध्येय ठरलं 'र्योसाई केनबो', म्हणजे चांगली पत्नी आणि सुज्ञ माता. या शाळांत शिकलेल्या मुली पुढे शहरी मध्यमवर्गीय गृहिणी झाल्या. बोलणारीचा दर्जा वाढला, तसा तिच्या बोलीचाही वाढला. एके काळची 'उठवळ' शैली काही दशकांत 'सुसंस्कृत' झाली.

'प्राचीन परंपरा' हा शिक्का कुणी मारला?

या प्रवासाचा पुढचा टप्पा मोमोको नाकामुरा यांनी तपशिलात मांडला आहे. योकोहामाच्या कान्तो गाकुइन विद्यापीठात शिकवणाऱ्या नाकामुरा यांचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक २०१४ मध्ये आलं.

जपानच्या राजदरबारातल्या स्त्रिया चौदाव्या शतकाच्या सुमारास काही खास शब्द वापरू लागल्या होत्या. त्याला 'न्योबो कोतोबा' म्हणतात. थंड पाण्याला 'ओहिया', भात वाढायच्या पळीला 'शामोजी', हे त्यातले शब्द आज सगळा जपान वापरतो. १६९२ च्या 'ओन्ना चोहोकी' या स्त्रियांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकात असे शब्द बायकांना शिकण्यासाठी दिलेले आहेत. म्हणजे बायकांनी कसं बोलावं याचे धडे जुनेच आहेत. पण दरबारी शब्द आणि शाळकरी मुलींची 'तेयो-दावा' धाटणी यांचा थेट वंश जोडता येत नाही. एक शब्दसंग्रह आहे, दुसरी वाक्याची ढब.

ही जोडणी विसाव्या शतकात झाली. १९१६ मध्ये सरकारी भाषा समितीने बोली जपानीचं प्रमाण व्याकरण प्रसिद्ध केलं. टोकियोतल्या सुशिक्षितांची भाषा हा त्याचा आधार. नाकामुरा यांच्या मते हा 'सुशिक्षित' प्रत्यक्षात पुरुष होता आणि बायकांची रूपं अपवादाच्या रकान्यात गेली. पुढे १९३० आणि ४० च्या दशकांत, युद्धाच्या काळात, राष्ट्राची थोरवी सांगण्यासाठी भाषेचाही वापर झाला. स्त्रियांची अशी सुंदर, वेगळी भाषा आपल्याकडे आहे, ती सम्राटाच्या दरबारातून आली आहे, हा गौरवाचा मुद्दा बनला. जेमतेम ५०-६० वर्षांच्या शैलीला शेकडो वर्षांची वंशावळ मिळाली.

युद्धानंतर सूर पुन्हा बदलला. १९५२ मध्ये सरकारच्या भाषा परिषदेने आदरार्थी भाषेबद्दल शिफारशी केल्या. त्यात म्हटलं होतं, की बायका गरजेपेक्षा जास्त आदरार्थी रूपं वापरतात, 'ओ' फार लावतात, आणि त्यांनी आत्मपरीक्षण करून हे हळूहळू कमी करावं.

म्हणजे १८८८ मध्ये बायका पुरेशा सभ्य बोलत नाहीत ही तक्रार होती आणि १९५२ मध्ये जास्तच सभ्य बोलतात ही. तक्रारीचं कारण बदललं, कानउघाडणी कुणाची करायची ते बदललं नाही.

प्रत्यक्षात असं बोलतं कोण?

इनोउए यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टोकियोतल्या एका कंपनीत राहून अभ्यास केला. नोकरीत समान संधी देणारा कायदा १९८६ पासून लागू झाला होता आणि कचेऱ्यांमध्ये बायकांची भूमिका बदलू पाहत होती. पुस्तकांच्या दुकानांत मात्र 'सुंदर कसं बोलावं' हे बायकांना शिकवणारी पुस्तकं भरपूर होती. जी भाषा जन्मजात मानली जाते, ती शिकवायला पुस्तकं लागावीत, यातच सगळं आलं.

पाठ्यपुस्तकातली 'ओन्ना कोतोबा' रोजच्या व्यवहारात सरसकट ऐकू येत नाही, हे इतर संशोधकांनाही आढळलं. शिगेको ओकामोतो यांनी १९९५ च्या त्यांच्या अभ्यासात टोकियोतल्या कॉलेजच्या मुलींच्या गप्पा तपासल्या. 'बायकी' समजली जाणारी रूपं त्यात बरीच कमी होती. एकच बाई मैत्रिणीशी, बॉसशी आणि दुकानदाराशी वेगवेगळ्या तऱ्हेने बोलते, हेही त्यांनी दाखवलं.

टोकियोबाहेर तर नियम आणखी विरघळतात. ईशान्य जपानच्या तोहोकु भागात म्हाताऱ्या बायका स्वतःला 'ओरे' म्हणत आल्या आहेत. ओसाकाकडचे पुरुष वाक्याच्या शेवटी 'वा' लावतात, फक्त आवाज चढवण्याऐवजी उतरवतात. पण देशभरासाठी माप एकच ठरलं, टोकियोच्या मध्यमवर्गीय बाईचं. त्यामुळे गावाकडची बाई दोनदा कमी पडते, एकदा भाषेत आणि एकदा 'बाईपणात'.

शाळांतही हेच दिसतं. आयुमी मियाझाकी यांनी टोकियो परिसरातल्या एका माध्यमिक शाळेत अभ्यास केला, तेव्हा काही मुली बिनधास्त 'बोकु' आणि 'ओरे' म्हणत होत्या. 'आताशी' काहींना फारच नटवं वाटत होतं, म्हणून 'उचि'सारखा मधला शब्दही चालत होता. आपण कोण आहोत हे त्या शब्दांतून ठरवू पाहत होत्या.

हर्मायनी आणि स्कार्लेट मात्र अस्सल 'जपानी बाई'

मग ही भाषा कुठे भेटते? अनुवादात. नाकामुरा यांनी २०१३ मध्ये याच विषयावर जपानीत पुस्तक लिहिलं. हॅरी पॉटरची मैत्रीण हर्मायनी जपानी अनुवादात अगदी साच्यातल्या बायकांच्या भाषेत बोलते. तिच्या वयाच्या खऱ्या जपानी मुली असं बोलत नाहीत. हॉलिवूडच्या नायिकांचं डबिंगही बऱ्याचदा याच धाटणीचं. जपानी बाईची म्हणून ओळखली जाणारी भाषा सर्वात शुद्ध रूपात बोलतात त्या परदेशी बायका.

इनोउए यांनी 'गॉन विथ द विंड'च्या जपानी अनुवादाचं उदाहरण घेतलं. त्यात गोऱ्या स्त्रिया नाजूक 'ओन्ना कोतोबा'त बोलतात आणि गुलाम असलेली मॅमी एका बनावट, गावरान बोलीत. दोघीही बायकाच आहेत, पण 'बायकांची भाषा' एकीलाच मिळाली. या भाषेत लिंगाबरोबर वर्ग आणि वंशही दडलेला असतो, हे यातून लक्षात येतं.

या मांडणीला दुसरी बाजू आहे का?

आहे. साचिको इदे यांच्यासारख्या ज्येष्ठ भाषाशास्त्रज्ञांनी बायकांच्या जास्त सौजन्यपूर्ण बोलण्याकडे केवळ दुबळेपणाची खूण म्हणून पाहायला विरोध केला. अशा बोलण्यातून स्त्री आपली प्रतिष्ठा आणि सामाजिक स्थानही व्यक्त करते, असं त्यांचं म्हणणं. अनेक जपानी स्त्रियांना ही शैली मनापासून आवडते, आणि टीव्हीवरचे काही समलिंगी व स्त्रीवेशातले कलाकार तिचाच एक खट्याळ अवतार वापरून भल्याभल्यांना टोमणे मारतात.

इनोउए यांचा दावाही पूर्वी बायका-पुरुष अगदी सारखं बोलायचे असा नाही. त्यांचा आक्षेप 'निसर्गतः' आणि 'परंपरेने' या दोन शब्दांवर आहे. फरक असू शकतात. त्यातले कोणते उचलायचे, त्यांना नाव द्यायचं आणि त्यावरून माणसाची पारख करायची, हे इतिहासात कुणीतरी ठरवलेलं असतं.

हे आज का महत्त्वाचं?

फेब्रुवारी २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिक आयोजन समितीचे प्रमुख आणि माजी पंतप्रधान योशिरो मोरी यांनी, जास्त बायका असलेल्या बैठका लांबतात, अशा अर्थाचं विधान केलं. जगभरातून टीका झाली आणि त्यांना पद सोडावं लागलं. तिथे 'वा' की 'झो' हा मुद्दाच नव्हता. बायका बोलतात, हेच खटकलं होतं.

नोकरीच्या मुलाखतीत, बैठकीत, वर्गात बाईचं म्हणणं ऐकण्याआधी तिचा सूर ऐकला जातो. मृदू बोलली तर ठामपणा नाही, ठाम बोलली तर बाईपण नाही. अशा वेळी 'आपली परंपराच आहे' हे वाक्य वाद संपवायला वापरलं जातं. ती परंपरा १८८० च्या दशकातल्या शाळकरी मुलींच्या गप्पांतून आली आणि तेव्हाच्या जाणत्यांना ती ऐकवतही नव्हती, हे माहीत असेल तर वाद तिथेच संपत नाही.

'आजकालच्या मुलींना बोलायची पद्धत नाही' ही तक्रार जपानमध्ये निदान १८८८ पासून छापून येते आहे. ज्या मुलींबद्दल ती पहिल्यांदा केली गेली, त्यांचं बोलणं आता आदर्श म्हणून शिकवलं जातं.